सामाईक गादीची निगा

वस्तू वापरल्याने झिजते, हे जगातील सर्व विचारी माणसांना मान्य आहे. त्यावरून असे ठरते की जिची निगा राखायची ती वस्तू घरातल्या कोणाच्याही हाती लागू न देणे हाच निगेचा पहिला आणि खरे म्हणजे शेवटचा नियम. रत्नागिरीत बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याला आमची खालची आळी आहे. तिथल्या सतरा घरांनी हा नियम एका गादीच्या बाबतीत अकरा वर्षे पाळला. तो कसा पाळला हे इतर आळ्यांच्या उपयोगासाठी लिहून ठेवणे मला माझे कर्तव्य वाटते. मी सखाराम, 'खालची आळी सामाईक गादी मंडळ' या संस्थेचा पहिल्या दिवसापासूनचा चिटणीस. त्याआधी बत्तीस वर्षे मी कोर्टात नकला केल्या. (दस्तऐवजांच्या. माणसांच्या नकला आमच्या आळीत खंडू करतो, आणि सुरुवात माझ्यापासून करतो.)

सन १९२२ पर्यंत आळीत गादी नव्हती. आम्ही चटईवर झोपत असू, चटईवर घोंगडे, आणि थंडी जास्त पडली तर तेच घोंगडे अंगावर. कोणाची काही तक्रार नव्हती. मग त्या माघात रावजी नाखव्याच्या मुलीची बोलणी करायला आंजर्ल्याचे व्याही आले. रावजीचा स्वतःचा मचवा. त्याने मोठ्या मनाने मचव्याचे जुने शीड चौघडी करून व्याह्यांना अंथरून दिले. व्याह्यांनी लग्न मोडले नाही. परंतु पुढे ज्या ज्या लग्नाला ते गेले तिथे तिथे त्यांनी त्या शिडाची हकीकत सांगितली, आणि अंगाचा बांगड्याचा वास तीन आंघोळींनी गेला नाही हेही सांगितले. आळीची अब्रू गेली. तेव्हा सतरा घरांच्या कर्त्या पुरुषांनी सभा भरवून ठरवले की आळीची मिळून एक उत्तम गादी असावी, ती ज्याच्या घरी पाहुणा येईल त्याच्या घरी जावी, आणि पाहुणा गेला की परत यावी.

कापूस गोदूबाईने दिला. ही आळीच्या टोकाला राहणारी विधवा बाई. तिच्या परसात सावरीचे जुने झाड आहे. सावरीची बोंडे उकलली की आत रेशमासारखा कापूस निघतो, फुंकर मारली तर उडून जाईल इतका हलका. गोदूबाईने दोन वर्षांची साठवलेली बोंडे, नऊ मोठे हारे भरून, मंडळाला देऊन टाकली. तिचे आभार मानण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. बायकांनी सभेला येण्याची आमच्याकडे चाल नसल्यामुळे तो तिला कळवायचा राहून गेला.

आता निगेविषयी. गादी ठेवण्याची जागा म्हणजे रावजीच्या स्वयंपाकघराचा माळा. कोकणच्या पावसात जमिनीवर ठेवलेल्या कोणत्याही कापडाला आठ दिवसांत बुरा येतो (माणसालाही येतो, पण तो पुसता येतो). म्हणून गादी चार दोरांनी आढ्याला टांगून चुलीच्या धुरात ठेवली जाई. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत दर एकादशीला ती खाली उतरवून रावजीच्या अंगणात फणसाच्या फळ्यांवर वाळत घालत. एका बाजूला एक तास, दुसऱ्या बाजूला एक तास. राखणीला गंगाराम बसत असे. गंगाराम जकातीच्या नाक्यावर शिपाई होता. पेन्शनीत निघाल्यापासून त्याला अडवायला काही मिळत नव्हते. त्याने ठेवलेल्या नोंदींवरून सन १९२७ मध्ये गादीवरून हाकललेली मांजरे चौसष्ट. पैकी एकच मांजर पुन्हा पुन्हा येण्याचे प्रकार एकावन्न. त्याच वर्षी आढळलेले ढेकूण नऊ, पैकी पाहुण्यांनी आणलेले नऊ.

खोळ मळली की ती धुवावी लागते, धुवायची तर उसवावी लागते, आणि एकदा उसवलेली शिवण पुन्हा तशी बसत नाही. यावर मंडळाने उपाय काढला: मळलेल्या खोळीवर नवी खोळ शिवावी. त्यामुळे आमची गादी दर दोन-तीन वर्षांनी अगदी नवी होत असे, आणि सन १९३३ पर्यंत ती चार वेळा नवी झाली होती. मधल्या काळात पालीहून येणाऱ्या पिंजाऱ्याने आमच्या दाराशी थांबून सांगितले, "कापूस दोन वर्षांनी मोकळा करून पिंजावा लागतो, नायतर गाठी धरतात." मंडळाने या सूचनेचा गंभीरपणे विचार केला. सांगणारा पिंजारी होता. पिंजारी पिंजायलाच सांगणार, हे उघड होते. सूचना दप्तरी दाखल करून त्याला चहा पाजून वाटेला लावले.

पाहुण्याची व्याख्या मी स्वतः केली: 'जो आळीच्या हद्दीबाहेरून बोटीने, गाडीने अथवा पायी, निदान एक ट्रंक किंवा वळकटी घेऊन येतो तो.' (वळकटी घेऊन आलेल्याला गादी कशाला, असे खंडूने विचारले होते. त्या वर्षी त्याला मंडळातून विश्रांती देण्यात आली.) आळीतला माणूस पाहुणा नाही, म्हणून आळीतल्या माणसाने गादीवर झोपू नये, बसू नये, आणि घडी घालताना लागेल त्याहून जास्त वेळ हात लावू नये. अकरा वर्षांत गादी चारशे सहा रात्री पाहुण्यांखाली आणि उरलेल्या सुमारे छत्तीसशे रात्री माळ्यावर होती. आळीतला एकही माणूस तिच्यावर एक क्षणही आडवा झाला नाही. इतकी शिस्त मी कोर्टातसुद्धा पाहिली नव्हती.

सन १९३३ च्या आश्विनात गोदूबाई विहिरीच्या जांभ्या दगडाच्या पायरीवर शेवाळावरून घसरली. पाऊस नुकताच संपलेला, पायऱ्या अजून हिरव्या होत्या. खुब्याच्या हाडाला तडा गेला. डॉक्टरांनी पाय बांधून दिला आणि सांगितले, दोन महिने उठायचे नाही. अंगाखाली मऊ गादी हवी, नाहीतर म्हातारे अंग आहे, पाठीला जखमा होतील आणि हाडापेक्षा त्या जखमाच तिला नेतील. तिचा मुलगा धोंडू मुंबईच्या बोटीवर खलाशी. घरात सून सगुणा एकटी. ती त्याच दुपारी माझ्या ओटीवर आली.

"सखारामभाऊ, आमच्या आयेला गादी पायजे."

"अर्ज आणलास?"

"अर्ज कसला? ती पडली तवा तुमी ओटीवरच हुतास. बघत हुतास."

हे खरे होते. परंतु पाहिल्याने अर्जाची आवश्यकता संपत नाही. मी तिच्या वतीने स्वतःच अर्ज लिहिला, स्वतःच स्वीकारला आणि सभा बोलावली. याला मी माणुसकी समजतो.

सभेत तीन अडचणी निघाल्या. पहिली, गोदूबाई पाहुणी नाही. दुसरी, दोन महिने गादी एकीकडे अडकली आणि मध्येच कोणाचा जावई बोटीतून उतरला तर त्याला काय शिडावर झोपवायचे? तिसरी अडचण गंगारामने मांडली, आणि ती मांडताना त्याने आवाज खाली आणला. माणूस जायला लागला की त्याला भुईवर घ्यायचे असते. वेळेत घेतले नाही आणि तो गादीवरच गेला, तर ती गादी घरात ठेवत नाहीत. देऊन टाकावी लागते. म्हणजे अकरा वर्षांची निगा एका रात्रीत पाण्यात. शेवटी ठरले की गोदूबाईने आपण गादीवर असताना मरणार नाही, आणि तसा रंग दिसल्यास निदान अर्धा तास आधी कळवू, असे लिहून द्यावे.

हा ठराव घेऊन मी तिच्याकडे गेलो. ती चटईवर उताणी पडली होती. चेहरा पांढरा पडला होता, पण जीभ जागेवर होती. मी मजकूर वाचून दाखवला. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "कोनी काडला ह्या?"

"गंगारामने."

"तेला सांग, तू चौऱ्याहत्तरचा, मी पासष्टची. रांगेत तू माज्या फुडं हायस. आदी तू लिवून दे, मंग मी देते."

गंगारामने लिहून देण्याचे नाकारले, त्यामुळे ती अट आपोआप रद्द झाली. उरली पाहुणेपणाची अडचण. इथे माझी बत्तीस वर्षांची नोकरी कामी आली. मी व्याख्या पुन्हा वाचली. पाहुणा आळीच्या हद्दीबाहेरून आला पाहिजे, एवढेच तिच्यात होते. तो मुळात आळीतलाच नसावा असे कुठेही म्हटलेले नव्हते. गोदूबाईला आळीबाहेर नेऊन पुन्हा आत आणले, आणि तिच्याबरोबर एक ट्रंक असली, तर कायद्याने तिला पाहुणी न मानण्याचे कारण उरत नव्हते. रावजीने माझ्या पाठीवर थाप मारली. मला फार बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघांनी तिला डोलीत घातले. डोली म्हणजे एक जाड वासा आणि त्याला बांधलेले घोंगडे. आळीची हद्द दगड रचून केलेल्या गडग्यापाशी संपते. तिथपर्यंत उतार आहे आणि वाट दगडांची आहे. खंडूच्या डोक्यावर धोंडूची ट्रंक दिली. ती रिकामी वाजू नये म्हणून सगुणाला तिच्यात पाटा ठेवायला सांगितले. प्रत्येक दगडाला डोली हिसकत होती आणि प्रत्येक हिसक्याला गोदूबाई ओठ दाताखाली धरत होती. गडग्यापलीकडे पाऊल पडले, मी नोंद केली, डोली वळवली. परत येताना चढ होता. त्या चढावर ती एकदाच ओरडली. मी मागून चालत होतो, हातात वही होती, आणि मला वाटले की वही फेकून द्यावी. फेकली नाही. माझा नोंदी ठेवण्याचा हात आजवर कधी थांबला नव्हता.

दाराशी रिवाजाप्रमाणे पायांवर पाणी घातले, गूळपाणी पुढे केले. अध्यक्ष म्हणून रावजी पुढे झाला आणि पाहुण्याला विचारतात तसे त्याने विचारले, "काय, प्रवास बरा झाला ना?"

गोदूबाईने गूळपाणी बाजूला सारले. मग म्हणाली, "रावजी, तुजा बाप असता तर आज तुज्या कानफटात दिली असती."

(प्रवासाविषयी अभिप्राय: नोंद केली नाही.)

गादी आली. दोघांनी ती ओटीवर पसरली, वरून सुरकुती काढली. पाचवी खोळ निळ्या पट्ट्यांची, दोन महिन्यांपूर्वीची, दृष्ट लागावी अशी. चौघांनी मिळून गोदूबाईला अलगद तिच्यावर ठेवले. आम्ही सगळे वाकून तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो. अकरा वर्षे जिची सेवा केली तिचे सुख आळीतल्या माणसाच्या तोंडावर पहिल्यांदाच दिसणार होते.

ती जरा हलली. मग दुसऱ्या बाजूला हलायचा प्रयत्न केला. मग तिने डोळे मिटले.

"सखाराम," ती म्हणाली, "ह्येच्यात काय भरलाय?"

"तुमचीच सावर, गोदूबाई. नऊ हारे."

"माजी सावर अशी न्हाय. मना खाली घ्या. चटयीवर घ्या. मी पाया पडते तुमच्या, पन हिच्यावरनं मना उचला."

तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होते. सगुणाने आम्हाला बाजूला सारले, शेजारच्या बायकांना हाक मारली आणि सासूला पुन्हा चटईवर घेतले. हजर असलेले आम्ही सात सभासद रिकाम्या गादीभोवती उभे राहिलो. कोणीतरी खात्री करणे आवश्यक होते. कामाचा भाग म्हणून मी चपला काढल्या आणि गादीवर आडवा झालो.

खांद्याखाली एक गाठ होती, नारळाएवढी. कंबरेखाली दुसरी. त्या दोहोंच्या मध्ये काहीच नव्हते. पाच खोळींतून जमिनीचे शेण लागत होते. डावीकडे वळलो तर बरगडीत तिसरी गाठ बसली. धुराचा असा वास आला की मला आमच्या चुलीची आठवण झाली. मी तिथे पडून वर पाहत होतो, आणि वरून सहा जण माझ्याकडे पाहत होते. मला लाज वाटली. इतिवृत्तात तिचा उल्लेख नाही, म्हणून इथे करतो.

त्याच सायंकाळी तातडीची सभा भरली. गादी बदलण्याची वेळ आली आहे काय, हा प्रश्न मंडळापुढे पहिल्यांदाच आला. मी जुने कागद काढले. अकरा वर्षांत दोनशे बारा पाहुणे तिच्यावर झोपले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकाला झोप कशी लागली असे विचारले होते, आणि दोनशे बारांपैकी दोनशे बारांनी 'छान' असे सांगितले होते. आंजर्ल्याचे व्याही तीन रात्री राहिले, चौथ्या दिवशी वाकून बोटीत चढले, आणि चढताना म्हणाले, 'अशी गादी आमच्या पंचक्रोशीत नाही.' कोल्हापूरच्या एका जावयाला पहाटे तीनलाच जाग आली. कोकणची हवाच तशी उत्साहाची, असे त्याने सांगितले. एकाने रात्रभर ओटीवर येरझाऱ्या घातल्या, पण समुद्राचा आवाज ऐकायला म्हणून. अशा दोनशे बारा प्रतिष्ठित साक्षींपुढे एका म्हातारीची साक्ष किती धरायची?

शिवाय गोदूबाईच्या तक्रारीतच एक कायद्याचा दोष होता आणि तो मलाच सापडला. पाहुणा तक्रार करीत नाही. जो तक्रार करतो तो घरचा. गोदूबाईने तक्रार केली, याअर्थी ती घरची आहे. घरची आहे याअर्थी तिला गादीवर झोपण्याचा अधिकार नव्हता. आणि अधिकार नसताना केलेली तक्रार विचारात घेता येत नाही. तिचे पाहुणेपण त्याच सकाळपासून रद्द करण्यात आले. गादी परत मागवावी आणि तिची स्थिती उत्तम असल्याचे नोंदवावे, असा ठराव एकमताने झाला. हात वर करणाऱ्यांत मीही होतो.

ठराव घेऊन मी सगुणाकडे गेलो तेव्हा ती ओटीवर बसून कोयतीने गादीची शिवण फाडत होती. एकेक खोळ कांद्याच्या पातीसारखी निघत होती. आतून काळपट गोळे पडत होते, कुठे बुरा, कुठे उंदरांनी केलेले घरटे. मी म्हणालो, "सगुणा, ही मंडळाची मालमत्ता आहे."

"खोळी तुमच्या," ती मान वर न करता म्हणाली. "त्या न्या. सावर आमची. आयेनं दिली हुती ती निजायला दिली हुती, टांगायला न्हाय."

कुजलेले तिने फेकून दिले. उरलेल्या गाठी ती आणि शेजारच्या बायका चार दिवस उन्हात बसून बोटांनी सोडवत राहिल्या. आश्विनातले ऊन कडक. सावर पुन्हा फुलली. नऊ हाऱ्यांपैकी जेमतेम तीन निघाले. त्यांची एक पातळशी, एकाच माणसापुरती गादी झाली. ती रोज अंगाखाली असते, रोज सकाळी झटकतात, महिन्यातून एकदा उसवून हाताने मोकळी करतात, मांजर वाटेल तेव्हा येऊन बसते. म्हणजे निगेचे सर्व नियम तिथे मोडले जातात. गोदूबाईच्या पाठीला एकही जखम झाली नाही. माघात ती काठी घेऊन विहिरीपर्यंत गेली, आणि वाटेत गंगारामच्या दाराशी थांबून त्याने लिहून दिले का, असे विचारून आली.

मंडळापुढे पाच रिकाम्या खोळी होत्या. सभा न भरवताच त्यांत भाताचा पेंढा भरला, आणि वर सहावी खोळ शिवली. गादी पूर्वीपेक्षा फुगीर दिसते.

आता इतर आळ्यांतली माणसे मला विचारायला येतात, गादी बदलायची वेळ झाली हे ओळखायचे कसे? मी त्यांना सांगतो, सोपे आहे: निजलेल्या माणसाने सकाळी तोंडावर सांगितले पाहिजे की झोप लागली नाही. पेंढ्यावर आजपर्यंत एकतीस पाहुणे झोपले. त्यांत एक वकील होते, दोन शिक्षक होते, आणि एक गृहस्थ तर गावोगाव सत्य या विषयावर व्याख्याने देत हिंडतात. चौकशीचे उत्तर एकतीसच्या एकतीस वेळा तेच आले.

वाचकहो, आपणही कधी आमच्या बंदरावर उतरलात तर संकोच करू नका. गादी आपल्याला मिळेल. सकाळी मी स्वतः चहा घेऊन येईन. आपली मान एका बाजूला राहिलेली असेल, पाठीवर काडीचा वळ उठलेला असेल, आणि मी विचारीन, "काय, झोप कशी लागली?" आपले उत्तर मी वहीत आधीच लिहून ठेवले आहे. फक्त नाव घालायचे राहिले आहे.